पाण्याला वास कसा आहे?

नाककाकांचं नाक दिसायला काही खास नव्हतं. जरा बसकं, शेंड्याला लालसर, त्यावरून चष्मा सारखा घसरून खाली यायचा. पण माशांची पिल्लं तयार करणाऱ्या त्या हॅचरीत या नाकाला जो मान होता तो मालकीणबाईंच्या सहीलाही नव्हता. सकाळी साडेसहाला काका खाद्याच्या खोलीत शिरायचे, दिवा लावायच्या आधी मधोमध उभे राहायचे आणि डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे. मग म्हणायचे, "तीन नंबरची टाकी आज रुसलीय." आणि दुपारपर्यंत तीन नंबरच्या टाकीत फेस चढलेला असायचा. नवीन माणसाला ही जादू वाटायची. जुने लोक चेष्टा करायचे, "काका, बायकोचा मूड कसा आहे ते पण इथूनच हुंगून सांगा की." चेष्टा करायचे, पण काकांनी सांगितलेली टाकी आधी तपासायचे.

खाद्याच्या खोलीचं काम सांगायला सोपं होतं. अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं माशाचं पिल्लू पापणीच्या केसाएवढं असतं आणि त्याचं तोंड सुईच्या टोकाएवढं. कोरडी भुकटी टाकली तर ते ढुंकूनही बघत नाही. समोरून काहीतरी जिवंत, हलतं गेलं तरच तोंड उघडतं. म्हणून मासा वाढवायच्या आधी माशाचं जेवण वाढवावं लागतं. हे जेवण म्हणजे रोटिफर, डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखे दिसणारे पाण्यातले जीव. कामावर सगळे त्यांना नुसतं 'जीव' म्हणत. काका गेली सव्वीस वर्षं आठ गोल फायबरच्या टाक्यांत हे जीव वाढवत होते. "मासा वाढवणाऱ्याचा फोटो काढतात," ते कुरकुरायचे, "पण माशाचं जेवण वाढवणाऱ्याला कुत्रं विचारत नाही."

खरं विचाराल तर काका जीवसुद्धा वाढवत नव्हते. ते पाणी वाढवत होते. टाकीच्या आतल्या भिंतीवर एक तपकिरी, बुळबुळीत थर धरलेला असायचा. बाहेरचा माणूस तो बघून म्हणायचा, शी, किती घाण, कधी घासली होती? काका त्याला तिथंच धरून बसवायचे आणि शिकवणी घ्यायचे. "ही घाण नाही, ही वस्ती आहे. जिवाणूंची. त्यांत दोन जाती. एक संसारी. थोडक्यात भागवतात, हळूहळू वाढतात, आपली जागा धरून बसतात. दुसरे उपटसुंभ. कुठं काही सांडलं की हजर, सकाळी दहा असतील तर संध्याकाळी दहा हजार. तू ब्रश घेऊन भिंत घासलीस की संसारी झाले बेघर. मग रिकाम्या जागेत आधी कोण घुसणार? आणि हे उपटसुंभ जीवांच्या पोटात बसून पिल्लांच्या पोटात जातात, कळलं? तळ उपसा, जाळ्या धुवा, पण माझ्या भिंतीला हात लावाल तर हात मोडून ठेवीन." एकदा विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्या होत्या. त्यांनी दोन तास पडद्यावर चित्रं दाखवून नेमकं हेच सांगितलं. काका पुढचा आठवडाभर अंगणातल्या कोंबड्यासारखे छाती काढून फिरत होते.

आठांतली पहिली टाकी सगळ्यांत जुनी. तिला 'म्हातारी' म्हणत. अठरा वर्षं तिच्या भिंतीला ब्रश लागला नव्हता. नवी टाकी लावायची झाली की म्हातारीतलं दोन बादल्या पाणी तिच्यात आधी पडायचं. त्याला काका विरजण म्हणायचे. म्हातारीचं पाणी नीट असलं की ताज्या कापलेल्या काकडीसारखा वास यायचा, आणि बिघडायला लागलं की पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर. हा गोडसर वास प्रयोगशाळेच्या रिपोर्टच्या पाच दिवस आधी काकांच्या नाकाला कळायचा. नाककाका हे नाव काही उगाच पडलं नव्हतं.

काकांना एकच मुलगी. सात वर्षांची असताना तिने पहिल्यांदा भिंगातून टाकीतलं पाणी पाहिलं आणि ओरडली, "बाबा, ठिपके पळतायत!" त्या दिवसापासून ती ठिपकी झाली. शाळेला जायच्या आधी ती खाद्याच्या खोलीत यायची, स्टुलावर चढायची आणि वही उघडून विचारायची, "पाण्याला वास कसा आहे?" काका सांगायचे, "काकडीसारखा." ती वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहायची, वास चांगला. पुढे शिकली, सवरली, त्याच हॅचरीत पिल्लांच्या खोलीत कामाला लागली, तिशी ओलांडली, तरी हा प्रश्न सुटला नाही. रोज सकाळी जीव न्यायला यायची तेव्हा बादली खाली ठेवून आधी विचारायची. उत्तर मिळाल्यावरच जाळी पाण्यात घालायची. कामावरच्या लोकांना हे बापलेकीचं नाटक वाटायचं. त्या दोघांना ते नाटक नव्हतं.

ठिपकीने एका माशापायी सहा वर्षं घातली होती. खडकांत राहणारा लालसर मासा, नखरेल, तोंड इतर पिल्लांच्याही निम्म्याने लहान. तो तिथं कुणालाच बाराव्या दिवसापुढे नेता आला नव्हता. सहा वर्षांत तिने लग्नाची दोन स्थळं, एक चांगली नोकरी आणि असंख्य रविवार या माशावरून ओवाळून टाकले. शेवटी मालकीणबाईंनी तिला बोलावून सांगितलं, "हा शेवटचा हंगाम. या वेळी चाळीस दिवस काढलेस तर पिल्लांची खोली तुझ्या हाती. नाही तर हा मासा बंद, आणि मग तुला दुसरं काय काम द्यायचं ते बघू." ठिपकीने घरी येऊन सांगितलं, तेव्हा तिची आई शिलाईच्या यंत्रावर जाळीच्या पिशव्या शिवत होती. जीव गाळायच्या त्या बारीक कापडाच्या पिशव्या हॅचरीला तीच शिवून द्यायची. तिने पाय थांबवला आणि म्हणाली, "मग यंदाची पिशवी दुहेरी शिवणीची." काका उठून अंगणात गेले. ते घाबरले होते, आणि त्याचं कारण मासा नव्हता.

कारण असं की काकांना त्याआधी सात महिन्यांपासून वास येत नव्हता.

एक साधा ताप आला होता. चार दिवस अंथरूण, पाचव्या दिवशी कामावर. आठवडाभराने स्वयंपाकघरात दूध करपलं आणि काका पातेल्यासमोरच वर्तमानपत्र वाचत बसले होते. बायको बाहेरून ओरडत आली, "अहो, घरभर धूर झालाय, नाक गहाण ठेवलंत का?" काका हसले. म्हणाले, वाचनात तंद्री लागली होती. दुसऱ्या दिवशी ते लांबच्या डॉक्टरकडे एकटेच गेले. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित परत, कदाचित नाही येणार, नक्की कुणी सांगू शकत नाही.

इथं काकांचा राग येतो, आणि यायलाच हवा. घरी बायको, कामावर सख्खी लेक, दोघींपैकी कुणालाही सांगितलं असतं तर काय झालं असतं? ठिपकीने रोज स्वतः टाकीवर वाकून वास घेतला असता, झालं. पण सव्वीस वर्षं ज्या माणसाची ओळखच नाक होती, त्याने नाक गेलं म्हणून कुणाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून काका गप्प बसले. सकाळी खोलीत मधोमध उभे राहून श्वास घ्यायचे तेव्हा आत नुसती हवा जायची, ओली आणि मुकी. मग ते फेस बघायचे, रंग बघायचे, भिंगातून जीव मोजायचे आणि अंदाजाने काहीतरी सांगायचे. सव्वीस वर्षांचा अंदाज होता, बऱ्याचदा बरोबर निघायचा.

आणि एक युक्ती होती. पंप बघणारा माणूस रोज सकाळी हवेच्या नळ्या तपासायला यायचा. त्याला गप्प बसता यायचं नाही आणि चेहरा लपवता यायचा नाही. काका त्याला म्हातारीजवळ बोलावायचे, "अरे, ही नळी बघ जरा," आणि तो वाकला की त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. तोंड सरळ राहिलं की पाणी ठीक. सात महिने काकांनी दुसऱ्याच्या नाकावर संसार चालवला.

ठिपकीच्या लालसर माशांची अंडी एका शनिवारी फुटली. पहिले तीन दिवस पिल्लं आपल्याच पोटातल्या पिवळ्या थैलीवर जगतात. मंगळवारी पहिलं जेवण. आणि ते जेवण फक्त म्हातारीतलं, हे ठिपकीने महिनाभर आधीच ठरवून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी पंपवाला खोलीत आला, चार पावलं चालला, थांबला, नाकाला रुमाल लावला आणि "मी नंतर येतो" म्हणून उलटपावली निघून गेला.

काका तसेच धावले. ते म्हातारीवर वाकले. फेस जरा जास्त वाटला. पाणी जरा गढूळ वाटलं. वाटलंच असणार, कारण भ्यायलेल्या माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं. त्यांनी ओंजळभर पाणी नाकाशी नेलं, इतकं जवळ की थेंब आत गेला आणि ठसका लागला. काही नाही. पंपवाल्याच्या मागे धावत जाऊन विचारता आलं असतं, कसला वास आला रे? पण नाककाकांनी पंपवाल्याला वास विचारायचा? दुसऱ्या टाकीतलं विरजण घेता आलं असतं, पण बिघडलेली एक आहे की आठही, ते कशावरून कळणार? रविवार होता. खोलीत कुणी नव्हतं. काकांनी जीव गाळून बादल्यांत काढले, बादल्यांत हवेच्या नळ्या सोडल्या, म्हातारी रिकामी केली, ब्लीच ओतलं आणि ब्रश हातात घेतला.

त्यांनी ब्लीचही नाकाने ओळखलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा कळलं की जास्त पडलंय. वरपासून खालपर्यंत, गोल फिरत, ज्या भिंतीला हात लावणाऱ्याचे हात मोडायची भाषा केली होती ती भिंत त्यांनी स्वतः घासली. अठरा वर्षांची वस्ती अर्ध्या तासात तपकिरी पाणी होऊन मोरीत गेली. कुंपणानेच शेत खाल्लं. काकांनी ब्लीच धुऊन काढलं, गाळलेलं स्वच्छ समुद्राचं पाणी भरलं, जीव परत सोडले. संध्याकाळपर्यंत म्हातारी आरशासारखी चकाकत होती.

मंगळवारी सकाळी ठिपकी बादली घेऊन आली. केस नीट बांधलेले, बाहीला घडी, परीक्षेला निघाल्यासारखी. खोलीतल्या मंद दिव्यात आत डोकावून म्हणाली, "आज पाणी काय चकाकतंय!"

"वरचं बदललं थोडं."

तिने बादली खाली ठेवली. वही उघडली. "पाण्याला वास कसा आहे?"

"काकडीसारखा," काका म्हणाले.

ठिपकीने लिहिलं आणि जाळी पाण्यात घातली.

पुढचे काही दिवस सगळं इतकं छान चाललं की काकांना आपण उगाच भ्यालो असं वाटायला लागलं. म्हातारीतले जीव दुपटीने वाढले. पिल्लांची पोटं गोल दिसायला लागली. ठिपकी जेवताना हाताने आकार दाखवून सांगायची, "एवढाली झालीत, आई," आणि दाखवलेला आकार नखाच्या चतकोराएवढा असायचा. आई म्हणायची, "बाई गं, मग आता कपडे शिवायला घेते." तिघं हसायची.

नवव्या दिवशी सकाळी काही पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात गोल गोल फिरत होती. दुपारी ती तळाला होती. दहाव्या दिवशी संध्याकाळी टाकीत हलणारं काही उरलं नाही. चाळीस हजार पिल्लं तळाशी पांढऱ्या कोंड्यासारखी साचली होती. ठिपकीने कुणाला हात लावू दिला नाही. ती एकटीच नळी लावून ती बाहेर काढत होती, आणि बादली भरली की क्षणभर थांबून आत बघायची, जणू अजून एखादं हलेल.

अकराव्या दिवशी काका पंप बघून खोलीत परतले, तर ठिपकी म्हातारीजवळ उभी होती. तिचा उजवा हात टाकीच्या आत होता. काकांना बघून तिने हात काढला.

"बाबा," ती म्हणाली, "पाण्याला वास कसा आहे?"

काकांच्या तोंडून सवयीने जे निघायचं तेच निघालं. "काकडीसारखा."

ठिपकीने बोट ओढणीला पुसलं आणि निघून गेली.

प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला. पिल्लांच्या पोटात वाईट जिवाणू होते आणि ते खाद्याबरोबर गेले होते, एवढं त्यात स्पष्ट होतं. ते खाद्यात कुठून आले, हे कागदाला माहीत नव्हतं. मालकीणबाईंनी दोघांना ऑफिसात बोलावलं. काका दाराजवळच्या खुर्चीवर बसले, हात गुडघ्यांवर. ठिपकी समोरच्या खुर्चीत होती, मान खाली.

मालकीणबाई वाईट नव्हत्या. त्यांनी आधी काकांनाच विचारलं, "काका, टाकीत काही गडबड होती?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. काकांच्या घशापर्यंत शब्द आला. टाकी मी घासली. तीन शब्द. ते उच्चारायला उठून उभं राहिलं पाहिजे, असं काकांना वाटलं, आणि पाय उठले नाहीत.

"नाही," ते म्हणाले.

"मग जीव नीट धुतले नाहीत का?" मालकीणबाईंनी ठिपकीला विचारलं. टाकीतून काढलेले जीव पिल्लांना घालण्याआधी स्वच्छ पाण्यात पंधरा मिनिटं धुवायचे असतात. ते काम ठिपकीचं.

ठिपकी खाली फरशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "धुवायला कमी पडले असतील. माझंच चुकलं."

कमी? तिने त्या सगळ्या दिवसांत पंधराच्या जागी पंचवीस मिनिटं धुतले होते. आईने शिवलेली दुहेरी शिवणीची पिशवी घेऊन ती नळाखाली उभी असायची, हे सगळ्या हॅचरीने पाहिलं होतं. काकांनीही पाहिलं होतं. ते तसेच बसून राहिले, तोंडाला कुलूप लावून. नोंदवहीत लिहिलं गेलं, धुण्यात हयगय, आणि खाली तिचं नाव.

लालसर मासा बंद झाला. ठिपकीला विक्रीच्या पिल्लांच्या प्लास्टिकच्या पिशव्या भरायच्या कामावर घातलं. तिने तीन आठवडे ते केलं, मग एका मोठ्या शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरी शोधली आणि निघाली. जायच्या दिवशी सकाळी ती हॅचरीत जाऊन आली. दुसऱ्या दिवशी काकांना म्हातारीत एक जाळीची टोपली लोंबकळताना दिसली. आत काळपट, बुळबुळीत दगड होते. काकांनी ते ओळखले. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच म्हातारीतले दगड लेकीच्या खोलीतल्या पाणी शुद्ध करायच्या गाळणीत घालायला दिले होते. म्हणजे जुनी वस्ती तिच्याकडे शिल्लक होती, आणि जाताना तिने ती परत आणून ठेवली होती.

चांगल्या टाकीत कुणी विरजण घालतं का? हा प्रश्न काकांना पडला. त्यांनी तो दाबून टाकला. पोरीची माया, असं स्वतःला सांगितलं आणि टोपली जरा आत सरकवली.

काकांकडे स्वतःला सांगायला आणखी एक गोष्ट होती. पाणी आधीच बिघडलेलं होतं. पंपवाल्याने नाकाला रुमाल लावला होता तो उगाच नाही. मी घासलं नसतं तरी पिल्लं मेलीच असती. हे वाक्य ते अंथरुणावर पडल्या पडल्या उशीसारखं डोक्याखाली घ्यायचे, आणि झोप लागायची.

ठिपकी दर रविवारी अकराला फोन करायची. आईशी बोलायच्या आधी बाबांशी. गुडघा कसा आहे, चष्म्याचा नंबर तपासला का. मग जरा थांबायची आणि विचारायची, "पाण्याला वास कसा आहे?" काका म्हणायचे, "काकडीसारखा." ती म्हणायची, "बरं. आईला द्या." दहा महिने, दर रविवारी. काकांना वाटायचं, पोरीला जुन्या कामाची आठवण येते. त्यांना बरं वाटायचं आणि त्याच वेळी छातीत काहीतरी टोचायचं.

एका दुपारी पंपवाला खाद्याच्या खोलीत नवा पंप बसवत होता. चौथरा फोडावा लागला. डबा खाताना तो गप्पांच्या ओघात म्हणाला, "या वेळी आधी खाली वाकून बघितलं बुवा. मागं उंदीर मेला होता इथं, आठवतंय? ठिपकीच्या त्या पिल्लांच्या वेळी. रविवारी सकाळी मी आत आलो तर असा भपकारा, पोटात ढवळलं. सोमवारी काढला. तुम्हाला कसा सहन झाला काका, एवढ्या तिखट नाकाचे तुम्ही!"

काकांच्या हातातला घास हातातच राहिला.

"पाण्याचा नव्हता वास?" त्यांनी विचारलं.

"पाण्याचा? छे! आदल्याच दिवशी नळी बघितली होती की, पाणी झकास होतं."

त्या दिवशी काका लवकर घरी आले. बायको यंत्रावर होती. ते तिच्या समोरच्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. ताप, नाक, दूध, पंपवाल्याचं तोंड, ब्रश, उंदीर. सांगताना रडले, पोरासारखे, बाहीला नाक पुसत. सुईखालचं कापड बायकोने घट्ट धरून ठेवलं होतं.

"तिला कसं सांगू?" काका म्हणाले.

"काय सांगणार?" बायको म्हणाली. "तिला माहीत आहे."

बायकोने यंत्रावरचं कापड बाजूला सारलं.

"पिल्लं मेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने टाकीत हात घालून भिंतीवरून बोट फिरवलं. अठरा वर्षांची बुळबुळीत भिंत, आणि बोट फिरवलं तर कर्रकन वाजलं. घरी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मला म्हणाली, आई, बाबांनी टाकी घासली. का घासली ते त्यांना विचारू नकोस. ते स्वतः सांगतील. माझे बाबा सांगतील. शपथ घातली मला." तिचा आवाज फाटला. "मी कशी गप्प राहिले ते माझं मला ठाऊक. रोज जेवायला बसली की ती तुमच्या तोंडाकडे बघायची. तुम्ही ताटाकडे."

दहा महिन्यांचे रविवार काकांच्या डोळ्यांसमोरून गेले. पाण्याला वास कसा आहे. पाण्याला वास कसा आहे. ती आठवण नव्हती. दर आठवड्याला ती दार उघडून उभी राहत होती, आणि काका दर आठवड्याला आतून कडी लावत होते.

"आत्ता लावतो फोन," ते म्हणाले.

"आत्ता ती दुकानात असेल," बायको म्हणाली. "रविवारी करेलच."

रविवारी काका साडेदहालाच फोनसमोर बसले. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. ती विचारणार, आणि या वेळी ते म्हणणार, मला येत नाही वास, बाळा. तेवढंच आधी म्हणायचं, बाकीचं मागून आपोआप येईल. ओठांतल्या ओठांत त्यांनी ते पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. अकरा वाजून सात मिनिटांनी फोन वाजला.

"चहा झाला?" ठिपकी म्हणाली. गुडघ्याचं विचारलं. दुकानात नवीन मोठा आरसा लावलाय, असं सांगितलं. काका हो हो करत होते, कान टवकारून. मग ती जरा थांबली. काकांनी श्वास घेतला.

"बरं बाबा, आईला द्या."

"ठिपके," काका घाईने म्हणाले. "आज पाण्याचं विचारलं नाहीस."

"नाही."

"विचार ना."

पलीकडे रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एक हॉर्न वाजून विरला.

"किती दिवस विचारायचं, बाबा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना धरायला काही मिळालं असतं.

मग काकांनी सांगितलं. ठरवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. उंदीर आधी आला, नाक नंतर, ब्रश मध्येच. तुझं काही चुकलं नाही, तू पंचवीस मिनिटं धुतलेस, मी पाहिलं होतं, असं ते दोनदा, तीनदा म्हणाले. उद्या जाऊन मालकीणबाईंना सांगतो, वहीत दुरुस्ती करायला लावतो, म्हणाले. तू परत ये, म्हणाले. शेवटी शब्द संपले आणि नुसता श्वास उरला.

"त्या दिवशी ऑफिसात," ठिपकी हळूच म्हणाली, "मी तुमच्या पायांकडे बघत होते. वर बघायचा धीर होत नव्हता, म्हणून पायांकडे. म्हटलं, आता उठतील. आता उठतील." ती थांबली. "तुम्ही उठला असतात ना बाबा, तर मासा गेला तरी मला चाललं असतं."

काकांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"द्या आईला," ठिपकी म्हणाली.

बायको दारातच होती. काकांनी फोन तिच्या हातात दिला. तो देताना त्यांच्या लक्षात आलं की आपण खुर्चीतून उठलोय. बोलता बोलता कधीतरी ते उठून उभे राहिले होते, आणि तसेच, दोन्ही हात खाली सोडून, उभे होते.